वाळवी की भूत?

घर बांधायला कारण लागत नाही, पाडायला लागतं. बांधणाऱ्याला लोक फार तर ‘कितीला पडलं?’ असं विचारतात आणि आकडा ऐकून मनातल्या मनात वीस टक्के कमी करतात. पाडणाऱ्याला मात्र ‘का हो?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. मुंबई-पुण्यात या प्रश्नाचं उत्तर हल्ली तयार असतं : स्ट्रक्चरल ऑडिट. ज्या इमारतीच्या गच्चीवर मागच्या उन्हाळ्यापर्यंत पापड वाळत होते, सार्वजनिक पूजेला दोनशे पान उठत होतं, ती इमारत एका कागदाच्या जोरावर अतिधोकादायक ठरते. आणि योगायोग असा, की त्याच आठवड्यात फाटकावर बिल्डरचा फ्लेक्स झळकतो.

अमेरिकेत, बेव्हर्ली हिल्समध्ये, १९९० साली असंच एक घर पाडलं गेल्याचं उघडकीला आलं. घेताना नव्या मालकांनी डागडुजीची भाषा केली होती. डागडुजी झाली ती अशी, की घरच उरलं नाही. ओरडा झाला तेव्हा मालकीणबाईंनी कारण दिलं : वाळवी. लोकांनी नाकं मुरडली, पण वाळवीपुढे बोलणार काय? पुढे २०१२ साली याच बाई टीव्हीवरच्या भुताखेतांच्या एका कार्यक्रमात आल्या आणि त्यांनी सांगून टाकलं, की वाळवीचं काय घेऊन बसलात, तिच्यावर उपाय असतात. आम्ही घर पाडलं ते भुतामुळे.

त्या घराचं नाव पिकफेअर. मला विचाराल तर त्याला वाळवी लागली होती हे मी मान्य करायला तयार आहे. ती कधीपासून लागली होती आणि लाकडालाच लागली होती का, एवढीच माझी शंका आहे.

आज पिकफेअर म्हटलं तर फारसं कुणाला काही आठवणार नाही. शंभर वर्षांपूर्वी व्हाइट हाऊसच्या खालोखाल अमेरिकेतलं सगळ्यांत प्रसिद्ध घर ते होतं. आणि व्हाइट हाऊसपेक्षा तिथे जास्त मजा येते, असंही म्हटलं जायचं. घरातली दोन माणसं म्हणजे डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड. तो मूकपटांतला तलवारबहाद्दर. झोरो, रॉबिन हूड, बगदादचा चोर. कठड्यावरून झुंबरावर, झुंबरावरून घोड्यावर. साध्या जिन्यानं तो खाली उतरला तर प्रेक्षक पैसे परत मागतील अशी परिस्थिती. ती सोनेरी कुरळ्या बटांची, साऱ्या अमेरिकेची लाडकी लेक. टोरांटोत जन्मलेली, वडील लवकर गेल्यामुळे लहानपणीच नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडलेली. तेहतिसाव्या वर्षी ती पडद्यावर जेमतेम बारा वर्षांची पोर म्हणून वावरत होती, आणि लोकांना ते खटकत नव्हतं. आपल्याकडे नायक साठीत कॉलेजात जातो, तेव्हा याबाबतीत बोलायला आपल्याला तोंड नाही.

१९१९ साली फेअरबँक्सनं बेव्हर्ली हिल्सच्या एका टेकडीवरचं शिकारीचं लाकडी घर पस्तीस हजार डॉलरला घेतलं. भोवती सुमारे अठरा एकर जागा. आज त्या गावात गाडी उभी करायला सावली मिळाली तरी माणूस स्वतःला भाग्यवान समजतो, पण तेव्हा तिथे घेवड्याची शेतं होती आणि मंडळी ‘इतक्या लांब कोण राहायला जाणार’ म्हणत होती. (प्रत्येक शहरात हे वाक्य म्हणणारे एक काका असतात. आमच्याकडचे काका कोथरूडबद्दल म्हणाले होते.) मग ही दोघं तिथे गेली, म्हणून बाकीचे नट गेले, म्हणून वकील-डॉक्टर गेले. १९२३ साली लॉस एंजेलिस महापालिकेनं हे चिमुकलं गाव पोटात घ्यायचं ठरवलं, तेव्हा विरोधाच्या प्रचारात हे नवरा-बायको पुढे होते. गावानं मतदान करून महापालिकेला नकार दिला. सिनेमातली माणसं मत मागायला दारात आल्यावर काय होतं, हे अमेरिकेला तेव्हाच कळलं असावं.

घराच्या आधीची भानगड थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वत्र सारखीच असते. प्रेमात पडले तेव्हा दोघांचीही लग्नं झालेली होती. मेरीची देवीसारखी प्रतिमा. घटस्फोट घेतला तर लोक पाठ फिरवतील याची तिला धास्ती. शेवटी धीर करून मार्च १९२० मध्ये दोघांनी लग्न केलं आणि श्वास रोखून वाट पाहिली. लोकांनी पाठ फिरवली नाही, उलट अंगावर धावून आले. मधुचंद्रासाठी युरोपात गेले तर लंडनच्या एका उद्यानमेळाव्यात गर्दीनं मेरीला असं काही घेरलं, की डग्लसनं तिला खांद्यावर उचलून बाहेर काढली. आयुष्यभर पडद्यावर जे केलं, ते बिचाऱ्याला एकदा फुकट करावं लागलं.

टेकडीवरचं घर ही मेरीला लग्नाची भेट. पिकफर्डमधलं ‘पिक’ आणि फेअरबँक्समधलं ‘फेअर’ जोडून वर्तमानपत्रांनी त्याचं बारसं केलं. आपल्याकडे निवृत्तीनंतर प्लॉटवर बंगला बांधणारे सद्गृहस्थ नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि बायकोच्या नावाचं शेवटचं अक्षर जुळवून फाटकावर संगमरवरी पाटी लावतात आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला फोड करून सांगतात. त्या हौसेपायी कसली कसली नावं तयार होतात ते आपण पाहतोच. पिकफेअर त्यातल्या त्यात उच्चारता येण्यासारखं होतं. पण अशा नावात एक धोंड असते, आणि ती पुढे कधीतरी पायावर पडते. तिकडे येईनच.

वॉलेस नेफ या वास्तुविशारदानं चार-पाच वर्षं खपून त्या शिकारखान्याचा पंचवीस खोल्यांचा वाडा केला. इंग्लंडातल्या जुन्या खानदानी घरांच्या धर्तीवरचा, म्हणजे बाहेरून चारशे वर्षांचा आणि आतून कोरा. तबेले, टेनिसची कोर्टं, पाहुण्यांसाठी वेगळा भाग, छतावर चित्रं, लाकडी नक्षीची जमीन. डग्लससाठी जुन्या काउबॉय चित्रपटातल्यासारखा एक गुत्ता घरातच थाटलेला. आणि पोहण्याचा तलाव. त्या भागातल्या खासगी घरातला तो पहिलाच, असं म्हणतात. तलावात दोघांनी पोहल्याचे फोटो असतील, नसतील. जगभर गेला तो फोटो होडीचा आहे. घरच्या तलावात लांबोडकी वल्ह्याची होडी, तीत बसलेली ही दोघं. वल्हं दोनदा मारलं की पलीकडचा काठ येणार, मग होडी वळवायची आणि पुन्हा दोनदा वल्हं मारायचं. श्रीमंतीची इतकी निरागस तसबीर मी दुसरी पाहिलेली नाही. हल्लीच्या नटांच्या घरांत तळघरात सिनेमागृह असतं, गच्चीवर बाग असते, सगळं सजावटकारानं सुचवलेलं. ही होडी कुणी सजावटकार सुचवणार नाही. ती माणसाला स्वतःलाच सुचावी लागते, आणि बायकोनं तीत बसायला हो म्हणावं लागतं.

शेजारी चार्ली चॅप्लिन राहायचा. हे तिघे आणि दिग्दर्शक ग्रिफिथ मिळून युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी काढून बसलेले. चॅप्लिन पैशाला चिकट. त्यानं आपलं घर बांधताना स्टुडिओतलेच सुतार लावले. त्यांचा हात आयुष्यभर तीन आठवडे टिकणारे सेट उभारण्यात गेलेला. त्यामुळे चॅप्लिनच्या घराचे तुकडे अधूनमधून आपसूक गळून पडत, आणि हॉलिवूडनं त्या घराला ‘मोडकं घर’ याच अर्थाचं टोपणनाव दिलं होतं. हे घर पिकफेअरच्या नंतरही उभं राहिलं. वाळवीनं बहुधा पत्ता चुकवला.

पाहुण्यांची यादी वाचताना दम लागतो. आइनस्टाइन, बर्नार्ड शॉ, एच. जी. वेल्स, हेलन केलर, शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल. युरोपातले सत्तेवर असलेले, सत्ता गेलेले आणि जाण्याच्या बेतात असलेले सगळे राजेरजवाडे. १९२२ साली एक नवविवाहित इंग्रज जोडपं मधुचंद्राला इथे उतरलं होतं. चॅप्लिननं लग्नाचा आहेर म्हणून त्या दोघांना घेऊन तिथल्या बागेत एक छोटासा गमतीचा चित्रपटच काढून दिला. वधूच्या मोत्यांच्या माळेमागे चोर लागतात, अशी काहीतरी गोष्ट. नवरदेवाचं नाव लुई माउंटबॅटन. पुढे पंचवीस वर्षांनी हेच गृहस्थ दिल्लीत व्हाइसरॉय म्हणून आले. तेव्हाही त्यांनी सगळं चित्रीकरण घाईघाईतच उरकलं.

एवढा बडेजाव, पण जेवणाला बसल्यावर पाहुण्यांचे चेहरे पडायचे. डग्लस दारूला शिवत नसे, त्यामुळे पंगत बहुतेक कोरडी. जेवण झालं की चित्रपट दाखवायचा, चित्रपट संपला की गरम ओव्हलटिन, आणि मग यजमानांना जांभया. सकाळी लवकर उठून व्यायाम करायचा असे! टेबलाशी डग्लस नेहमी मेरीच्याच शेजारी बसणार. पाहुणा राजा असला तरी बसण्याच्या क्रमात बदल नाही. तिनं परक्या पुरुषाबरोबर नाचायचं नाही, हाही दंडक. जगभरचे रंगेल लोक हॉलिवूडच्या रात्री पाहायला म्हणून यायचे आणि त्यांना सदाशिव पेठेतली रात्र मिळायची.

याच घरात १९३२ च्या उन्हाळ्यात एक पाहुणे आले, ते थेट आपल्याकडचे. पुण्यात जन्मलेले, अहमदनगरजवळ अरणगावला आश्रम असलेले मेहेरबाबा. त्यांनी १९२५ सालापासून मौन धरलेलं. अक्षरं लिहिलेली पाटी जवळ असायची. बाबा बोट फिरवत जायचे आणि शिष्य वाचत जायचे. पिकफेअरमध्ये त्यांच्या स्वागताला हॉलिवूडमधली सगळी बडी मंडळी जमली. बाबांचा संदेश तिथे वाचून दाखवण्यात आला. सिनेमाच्या हातात माणसाचं मन उंचावण्याची केवढी ताकद आहे, असा त्याचा रोख.

मला त्या संध्याकाळचं चित्र फार आवडतं. काय वेळ साधली पाहा. बोलपट येऊन चार-पाच वर्षं झालेली. हातवारे, डोळे, भुवया यांवर ज्यांनी राज्य केलं ती सगळी माणसं दिवाणखान्यात बसलेली आणि ध्वनीवाल्यांनी त्यांचा धंदा बुडवत आणलेला. मेरीनं १९२८ साली बटा कापल्या, त्याची बातमी पहिल्या पानावर आली. पुढच्याच वर्षी बोलपट केला, त्यासाठी तिला ऑस्कर मिळालं. पण लोकांना आता ही पोक्त बोलणारी बाई नको होती, आणि त्यांच्या लाडक्या पोरीला तर तिनं स्वतःच कात्री लावली होती. अशा घरात, अशा वेळी सन्मानानं मधोमध बसलेला पाहुणा कोण, तर सात वर्षं तोंडातून शब्द न काढलेला! त्या रात्री न बोलता सभा जिंकणारा माणूस बघून यजमानांना काय वाटलं असेल? बाबा त्याच वर्षी हॉलिवूडमध्ये मोठ्या सभेत मौन सोडणार असं जाहीर झालं होतं; ते राहूनच गेलं, आणि १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत ते मौनातच होते. ज्यांना जमलं त्यांनी मौन पाळलं. बाकीच्यांना उच्चारशुद्धीचे मास्तर लावावे लागले.

ही गत एकट्या हॉलिवूडची नव्हती. आपल्याकडे मास्टर विठ्ठल ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ म्हणून ओळखले जात. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले, मारामारीच्या मूकपटांचे राजे. १९३१ साली ‘आलमआरा’ हा पहिला बोलपट निघाला, तेव्हा नायक म्हणून त्यांनाच घेतलं. जुन्या कंपनीनं करारभंगाचा दावा लावला, तर विठ्ठल यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर जिना. खटला जिंकला. पण पडद्यावर उर्दू काही जमेना. म्हणून नायकाला बराच वेळ गुंगीत ठेवण्याची युक्ती काढली, असं सांगतात. देशाच्या पहिल्या बोलपटाचा नायक, आणि त्याला बोलू द्यायचं नाही!

असो. पिकफेअरकडे वळू. माझ्या हिशेबानं वाळवी शिरली ती इथे कुठेतरी. १९२९ मध्ये डग्लस आणि मेरीनं पहिल्यांदा आणि शेवटचं नायक-नायिका म्हणून एकत्र काम केलं. चित्रपट कुठला निवडावा? शेक्सपिअरचं ते कजाग बायकोला वठणीवर आणण्याचं नाटक. वा. बा. केळकरांनी ‘त्राटिका’ म्हणून मराठी रंगभूमीवर आणलं होतं तेच. नऊ वर्षांचा संसार झालेल्या जोडप्यानं सहसा हा विषय कॅमेऱ्यापुढे काढू नये. चित्रीकरणाचा अनुभव मेरीला इतका कडू गेला, की पुढे तिनं तसं उघड लिहिलं.

डग्लसचा स्वभाव स्थिर बसणाऱ्यातला नव्हता. चाळिशी उलटून गेलेली, उड्या मारताना गुडघे कुरकुरू लागलेले. असा माणूस दोनच गोष्टी करू शकतो : बागकाम किंवा प्रवास. त्यानं प्रवास निवडला. जपान, सयाम, हिंदुस्थान असं करत ‘ऐंशी मिनिटांत जगाची सफर’ अशा नावाचा प्रवासपटच काढून आला. मेरी घरी. प्रवासाच्या ओढीत मग लंडनच्या एका लेडीसाहेबांची ओढ मिसळली, १९३३ मध्ये वर्तमानपत्रांना सुगावा लागला आणि जानेवारी १९३६ मध्ये घटस्फोट पक्का झाला. वाटणीत घर मेरीकडे आलं. डग्लसनं सांता मोनिकाच्या समुद्रकाठी मुक्काम हलवला, लेडीसाहेबांशी लग्न केलं आणि १९३९ च्या डिसेंबरात, छप्पन्नाव्या वर्षी, हृदयविकारानं गेला.

आणि आता ती नावातली धोंड. १९३७ मध्ये मेरीनं बडी रॉजर्स या आपल्याहून धाकट्या, देखण्या नटाशी लग्न केलं आणि तो पिकफेअरमध्ये राहायला आला. घराचं नाव तेच राहिलं. विचार करा : बायकोच्या आधीच्या नवऱ्याचं अर्धं नाव फाटकावर, पत्त्यात, पाकिटांवर, पाहुण्यांच्या तोंडी, आणि त्या नावाखालून हा गृहस्थ बेचाळीस वर्षं रोज सकाळी बाहेर पडतोय, संध्याकाळी आत येतोय. पाटी बदला असं तो कधी म्हणाला का? म्हणाला असता तरी काय ठेवलं असतं, ‘पिकरॉज’? या सगळ्या कथेत खरा उमदा माणूस मला हा रॉजर्स वाटतो. डग्लसनं त्या घरात तलाव आणला, तबेला आणला, आइनस्टाइन आणला. पण रॉजर्स आला आणि राहिला. त्याच्यावर कुणी निबंध लिहीत नाहीत, आणि मीही हा परिच्छेद झाला की पुढे जाणारच आहे.

मेरीनं पडद्याचा निरोप घेतला होता. भोवतालची जमीन टप्प्याटप्प्यानं विकली गेली. अठरा एकरांचे शेवटी तीनही उरले नाहीत. ज्या टेबलावर राजेरजवाड्यांना दारूचा थेंब मिळाला नाही, त्या घराच्या मालकिणीला उतारवयात दारूनं घेरलं. १९६० चं दशक अर्धं उलटल्यावर तिनं वरच्या मजल्यावरची खोली धरली आणि ती फारशी सोडली नाही. जुनी मैत्रीण लिलियन गिश, डग्लसचा पहिल्या लग्नाचा मुलगा डग्लस धाकटा, अशा मोजक्या माणसांना वर प्रवेश. बाकीचे यायचे ते खाली दिवाणखान्यात बसायचे. रॉजर्स त्यांना घर फिरवून दाखवायचा, आणि मेरीशी बोलायचं असेल तर खालून टेलिफोन. खाली पाहुणा, वर यजमानीण, मध्ये एक जिना आणि एक तार.

आजच्या पोरांना यात काही विशेष वाटणार नाही; शेजारच्या खोलीतल्या आईला ते ‘चहा?’ असा मेसेज पाठवतात. पण १९७० सालचा तो पाहुणा नजरेसमोर आणा. हातात टोपी घेऊन आयुष्यभराच्या आवडत्या नटीला भेटायला आलेला. रॉजर्स रिसिव्हर त्याच्या हातात देतो. वरच्या मजल्यावरून आवाज येतो. या बाईचे चित्रपट त्यानं लहानपणी डझनांनी पाहिलेले असणार, आणि त्यांतल्या एकातही तिचा आवाज नव्हता. आता फक्त आवाजच मिळाला. बोलपटानं उगवलेला हा सूड म्हणायचा.

१९७६ मध्ये तिला जीवनगौरवाचं ऑस्कर जाहीर झालं. समारंभाला ती जाणार नव्हती, म्हणून अकादमीची माणसंच कॅमेरे घेऊन पिकफेअरला आली. या अकादमीचा पहिला अध्यक्ष डग्लस फेअरबँक्स. पहिली पारितोषिकं त्यानं १९२९ साली पंधरा मिनिटांत वाटून टाकली होती, जे आजच्या सूत्रसंचालकांनी पाठ करावं. कॅमेरा घरातून फिरत फिरत आला आणि खुर्चीत बसलेली एक अतिशय किरकोळ, केसांचा टोप घातलेली, चौऱ्याऐंशीच्या घरातली म्हातारी टीव्हीवर दिसली. दोन शब्द बोलली, डोळे भरून आले. त्यावरून वाद झाला : असं दाखवायला नको होतं, लोकांच्या मनातली बटांची पोरगी मोडली, वगैरे. लोकांच्या मनातली पोरगी जपायची म्हणून माणसानं किती वर्षं वरच्या मजल्यावर बसून राहायचं? मला तर ती हट्टानं कॅमेऱ्यापुढे आली हेच बरं वाटतं. २९ मे १९७९ रोजी ती गेली.

इथे मला भगवानदादांची आठवण होते आणि ती काही उगाच होत नाही. गिरणगावातून वर आलेले नट भगवान पालव हेही फेअरबँक्सचे भक्त. डुप्लिकेट न घेता उड्या मारायच्या, हे व्रत तिकडूनच उचललेलं. ‘अलबेला’ या त्यांच्या चित्रपटाच्या ऐन भरात जुहूला समुद्राकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात दिवसांच्या सात गाड्या, असं सांगतात. खोल्यांचा आकडादेखील गुरूचाच घेतला म्हणायचा! मग चित्रपट आपटले, बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि दादा परत दादरच्या चाळीत. पण एक फरक आहे. गणपतीची मिरवणूक चाळीपाशी आली की थांबायची, बँड ‘अलबेला’तलं गाणं धरायचा आणि पोरं दादांच्याच त्या आखूड पावलांच्या चालीवर नाचायची. चाळीत वर-खाली टेलिफोन करायची सोय नसते. हाक मारली की गॅलरीत यावंच लागतं.

पिकफेअर १९८० मध्ये जेरी बस यांनी घेतलं, सुमारे चोपन्न लाख डॉलरला. हे लॉस एंजेलिसच्या लेकर्स या बास्केटबॉल संघाचे तेव्हाचे मालक. त्यांनी घराला आणि त्याच्या नावालाही सांभाळलं. १९८८ मध्ये त्यांच्याकडून घेतलं नटी-गायिका पिया झडोरा आणि तिचा उद्योगपती नवरा मेशुलम रिकलिस यांनी. किंमत सत्तर लाखांच्या घरात. मग ती डागडुजी, मग ती वाळवी, आणि त्या जागी व्हेनिसच्या धर्तीचा एक भला थोरला महाल. जुन्यातलं राहिलं ते फाटक, तो तलाव आणि काही किरकोळ भाग. डग्लस धाकटा तेव्हा ऐंशीचा होता. पाडायचंच होतं तर घेतलं कशाला, असं तो म्हणाला. म्हातारी माणसं किती सरळ प्रश्न विचारतात.

झडोराबाईंची बाजूही ऐकायला हवी. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे घरात एक हसणारी बाई दिसायची. डग्लसशी जवळीक असलेली कुणी तिथे मेली होती, तिचंच ते भूत, असा त्यांचा समज. भुताच्या असण्या-नसण्याबद्दल मी मत देणार नाही. माझं आजोळ कोकणात आहे. पण इतक्या कडक शिस्तीच्या, रात्री दहाला ओव्हलटिन पिऊन दिवे मालवणाऱ्या घरात भूत निघावं तेही डग्लसच्या मैत्रिणीचं, हे मेरीला वरच्या मजल्यावरून ऐकू आलं असतं, तर तिनं तडक खाली टेलिफोन केला असता.

आमच्या गावाकडे भुताची बोलवा झालेलं घर निम्म्या किमतीतही कुणी घेत नाही, दलाल दारात उभा राहत नाही. बेव्हर्ली हिल्सचा तो नवा महाल २००५ च्या सुमारास विकला गेला, पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपास. भुताची गोष्ट बाईंनी टीव्हीवर सांगितली, ती त्यानंतर सात वर्षांनी.